सासूबाई म्हणाल्या, ‘ही कोण?’

मैत्रिणींनो, ह्या वेळच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत पुठ्ठ्याला पुठ्ठा लावून, मध्ये बटर पेपर घालून जपून पाठवलेलं एक पेन्सिल-चित्र आणि चार पानी पत्र. नाव-गाव छापू नका असं बाईंनी बजावलं आहे, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा : शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन्ही परीक्षा दिल्या, दुसरीत ‘ए’ ग्रेड मिळाली. मग लग्न, मुलं, बदल्या. चौदा वर्षांत पेन्सिल हातात धरली ती मुलांच्या वहीला रेघा मारायला. आता सासूबाई बहुतेक वेळ अंथरुणावर असतात. त्यांनी तरुणपणी भक्ती बर्वे ह्यांची ‘ती फुलराणी’ पाहिली होती आणि तिच्याबद्दल त्या अजून बोलतात. त्यांच्या पंचाहत्तरीला फुलराणीचं चित्र काढून द्यावं असं सुनेनं मनात घेतलं. जुन्या दिवाळी अंकातला फुलवालीच्या वेषातला फोटो मिळवला, दुपारची झोप मोडून वीस दिवस बसली, चित्र पुरं केलं. घरात सगळे म्हणाले, छान! सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “सुरेख आहे गं. ही कोण?”

बाई विचारतात, ‘माझं काय चुकलं? की आता ह्या वयात हात वळत नाही?’

हात उत्तम वळतो आहे, बाई. चित्र माझ्यासमोर आहे. रेघ स्वच्छ, कुठे खोडरबराची घाण नाही, गजऱ्याचं एकेक फूल सुटं दिसतं. हात विसरलेला नाही. चुकलं ते पाहण्यात, आणि ते चौदा वर्षांच्या खंडामुळे चुकलेलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलीही हेच करतात. (मी अर्धवेळ शिकवते ती मराठी. पण चित्रकलेचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे येतो, आणि मला तो आवडतो.) समोर बसलेल्या मैत्रिणीचं चित्र काढा म्हटलं की दहातल्या आठ जणी एकच मुलगी काढतात. मोठे डोळे, धनुष्यासारख्या भुवया, चिमुकलं नाक, मिटलेले ओठ. बसलेली मैत्रीण नकटी असो, उभट चेहऱ्याची असो, दात थोडे पुढे असोत, कागदावर उतरते ती तीच. ही मुलगी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. ती आली कुठून, तर मला वाटतं बरीचशी कॅलेंडरांवरून आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवरून. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रातल्या स्त्रिया आठवा. त्या तुकतुकीत गालावर सुरकुती काय, साधी वळीसुद्धा दिसायची नाही. मुळगावकर थोरच, आमच्या माहेरच्या देवघरात त्यांचीच लक्ष्मी होती. पण लक्ष्मी कुणासारखी दिसावी लागत नाही. फुलराणी दिसावी लागते.

आता फुलराणीविषयी थोडं, कारण पुष्कळ वाचकिणींनी माझ्यासारखंच ते नाटक भक्तीबाईंच्या संचात पाहिलेलं नसेल. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं आणि १९७५ साली इंडियन नॅशनल थिएटरनं रंगमंचावर. नाव बालकवींच्या कवितेवरून. मंजुळा साळुंके नावाची फुलं विकणारी मुलगी, आणि तिला शुद्ध बोलायला शिकवून दाखवीन अशी पैज मारणारा भाषेचा प्राध्यापक. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष ह्यांनीही मंजुळा केली. पण आपल्या आईच्या आणि सासूच्या वयाच्या बायका ‘फुलराणी’ म्हणतात तेव्हा त्यांना भक्ती बर्वेच अभिप्रेत असतात. सर्कशीतल्या कसरतीसारखं ते लांबलचक, चिडलेलं, रडवेलं, हसू आणणारं स्वगत त्यांनी ध्वनिचित्रफितीवरही केलेलं आहे. शक्य असेल त्यांनी चित्र काढण्याआधी ते दोन-चार वेळा जरूर पाहावं. एकदा तर आवाज बंद करून पाहा. मग कळेल की त्या बाईंचं तोंड एक क्षण स्वस्थ नसतं. जबडा, ओठ, गळ्याच्या शिरा, सगळं बोलतं.

आणि ह्या चित्रात काय आहे? मिटलेले ओठ, किंचित स्मित. हातात फुलांची टोपली, पण चेहरा मात्र नाटकाच्या शेवटाकडच्या, शिकूनसवरून आलेल्या मंजुळेचा. तोही नाही म्हणा, शेवटची मंजुळा इतकी शांत नसते. सासूबाई ओळखणार कशा? त्यांच्या आठवणीतली मुलगी तोंड उघडून भांडते आहे, आणि इथे एक सोज्वळ नवरी फुलं घेऊन उभी आहे.

म्हणून बाई, पहिलं काम पेन्सिलीचं नाही. सासूबाईंपाशी बसा आणि विचारा, तुम्हाला ती कुठली आठवते? पहिल्या अंकातली की नंतरची? पदर कसा होता, मान कशी ठेवायची, हसली की काय व्हायचं? नाटकातल्या नटीचा चेहरा सिनेमातल्यासारखा हातभर मोठा होऊन समोर येत नाही. मागच्या रांगेतून तर नाक-डोळे दिसतही नसतात. दिसतं ते अंग टाकणं, मानेचा झटका, कमरेवरचा हात. ते त्यांना आठवत असणार. त्यांनी जे सांगितलं ते लिहून घ्या आणि मग फोटो निवडा. तोच दिवाळी अंकातला फोटो घ्यायचा तर घ्या, पण त्यातलं तोंड उघडं असेल तर ते उघडंच राहू द्या.

उघडं तोंड काढायला सगळ्याच घाबरतात, त्याचं कारण दात. दोन दातांमध्ये रेघ ओढली की चेहरा एकदम म्हातारा आणि भयानक होतो. त्यावर उपाय सोपा आहे. दात मोजायचे नाहीत, रेघा मारायच्या नाहीत. दातांची अख्खी ओळ एकच फिकट पट्टी समजा, कोपऱ्यांकडे तिला थोडी सावली द्या, हिरड्यांपाशी दातांच्या कमानी नुसत्या सुचवा, आणि तोंडाच्या आतला अंधार ४बी नं भरा. दात आपोआप उजळतात. वरचा ओठ बहुधा सावलीत असतो, खालच्यावर उजेड पडतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी वळी पडते ती गाळू नका. हसणं तिच्यात असतं. चित्र गुळगुळीत व्हावं म्हणून आपण ती गाळतो आणि मग चेहरा हसत का नाही म्हणून डोळ्यांना दोष देतो.

डोळ्यांचंही सांगते. तुमच्या चित्रात डोळे फार वर गेले आहेत. पट्टी घेऊन मोजा. डोक्याच्या अगदी वरच्या टोकापासून, म्हणजे केसांच्या फुगवट्याखालच्या कवटीपासून, हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं तर समोरून पाहताना डोळे जवळजवळ मध्यावर येतात. हे पहिल्यांदा सांगितलं की कुणाला पटत नाही, मुली स्वतःच्या डोक्यावर पट्ट्या धरून पाहतात. कपाळ आणि केस ह्यांत ‘काही नसतं’ म्हणून आपण ती जागा कमी करतो आणि डोळे, नाक, तोंड ह्यांना वाढवून जागा देतो. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते, तीही तुमच्याकडे कमी पडली आहे, कारण डोळे मोठे केलेत. भक्तीबाईंचे डोळे बोलके होते हे खरं, पण बोलके म्हणजे मोठे नव्हेत. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला आला आणि वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडली की बारीक डोळासुद्धा बोलतो.

मंजुळा हनुवटी वर करून बोलते. मान अशी मागे गेली की वरची सगळी मापं बदलतात, कपाळ आखूड दिसतं, नाकपुड्या दिसू लागतात आणि कान डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली उतरतात. अशा वेळी पाठ केलेली मापं बाजूला ठेवायची आणि चौकटींचा आधार घ्यायचा. फोटोवर रेघा मारून तो खराब करू नका. दुधाची किंवा बिस्किटांची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी धुऊन, कापून सपाट करा, तिच्यावर खुणेच्या पेनानं एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि ती फोटोवर ठेवा. कागदावर तीन-तीन सेंटिमीटरच्या चौकटी एचबीनं अगदी हलक्या आखा. मग एकेक चौकट उतरवायची. ह्याला काही जणी ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. भरतकामाला छाप उठवतोच की आपण!

ह्याहून एक गमतीची युक्ती आहे. फोटो उलटा ठेवायचा, डोकं खाली, हनुवटी वर, आणि कागदावरही उलटंच काढायचं. बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेनं १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात ही युक्ती सांगितली आणि ती जगभर पसरली. उलट्या चेहऱ्यात आपल्याला ‘नाक’ दिसत नाही, नुसती एक गडद तिरपी पट्टी दिसते. मग आपण ती आहे तशीच काढतो. ती डोक्यातली कॅलेंडरची मुलगी उलटी टांगली की तिला काही सुचत नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

आता जरा नाजूक गोष्ट. पेन्सिलीच्या चित्रात कागद पांढरा असतो, आणि चेहऱ्याला आपण हातच लावला नाही तर चेहरा आपोआप गोरा होतो. तुमच्या चित्रात नेमकं हेच झालं आहे. केस काळेभोर, लुगड्याच्या चुण्या छान, आणि मध्ये चेहरा कोरा, जणू पावडर लावून आलेला. मंजुळा दिवसभर उन्हात फुलं विकणारी पोर आहे हो! तिच्या गालावर, कपाळावर, गळ्यावर करडेपणा यायलाच हवा. मुलींना मी चेहऱ्यावर छटा द्यायला सांगते तर त्या कळवळून म्हणतात, “बाई, ती काळी दिसेल.” आणि हे त्या मैत्रिणीच्या देखत म्हणतात. मैत्रीणही मान हलवते. मला त्या तासाला फार वाईट वाटतं. लग्नाच्या फोटोत आपल्याला उजळून दिलेलं असतं, ते आपणही मुकाट्यानं भिंतीवर लावतोच. पण चित्र तुमच्या हातातलं आहे, इथे फोटोवाला मध्ये नाही.

करायचं असं. आधी एका पट्टीवर पाच घरं आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटा करून घ्या, एचबी, २बी, ४बी, ६बी अशा चढत्या पेन्सिलींनी. बी जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ आणि काळी. (शिसपेन्सिलीत शिसं नसतंच बरं का, ग्रॅफाइट आणि माती असते. माती कमी तर पेन्सिल मऊ. मुलं पेन्सिल चावतात म्हणून शिशाची भीती घेणाऱ्या आयांनी एवढं लक्षात ठेवावं.) मग संपूर्ण चेहऱ्यावर एचबीनं एक सलग हलकी छटा द्या, अगदी सगळीकडे. नंतर जिथे उजेड आहे तिथूनच खोडरबरानं उचलून घ्या, म्हणजे नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ. खोडरबर नसेल तर पावाचा पांढरा मऊ भाग मळून गोळी करा, जुने चित्रकार तेच वापरत. पांढरं राहील ते फक्त एवढंच, आणि डोळ्यातला ठिपका. मग पाहा चेहऱ्याला कसा भरीवपणा येतो.

रंगमंचावरच्या फोटोंत उजेडाची एक खोड असते, ती ओळखायला हवी. घरात उजेड वरून किंवा खिडकीतून येतो. नाटकात पुढच्या बाजूनं, वरून, कधी पायाकडूनही दिवे असतात. पायाकडून दिवा असला की हनुवटीखाली उजेड आणि नाकाच्या वर सावली असा उलटा प्रकार होतो. शिवाय फोटोवाल्यानं जवळून फ्लॅश मारला असेल तर सावल्याच नाहीशा होऊन चेहरा चपटा होतो. म्हणून निवड असेल तर एका बाजूनं उजेड आलेला फोटो घ्या. रंगभूषेची जाड भुवई आणि काजळाची रेघ फोटोत दिसते ती राहू द्या. ती नटीची आहे, आणि आपण नटीचंच चित्र काढतो आहोत.

इथे एक प्रश्न उभा राहतो. चित्र कुणाचं काढायचं, मंजुळेचं की भक्तीबाईंचं? मला विचाराल तर दोघींचं, आणि त्यातच सगळी गंमत आहे. ह्याच बाईंनी ‘जाने भी दो यारो’ ह्या १९८३ च्या हिंदी चित्रपटात ती तल्लख, आतल्या गाठीची संपादिका केली. ह्याच बाईंनी अशोक पाटोळ्यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई केली. ते नाटक पाहून आलेल्या कित्येक घरांत त्या रात्री जेवणं जरा शांततेत झाली असतील! फुलवाली, संपादिका, दमलेली आई. चेहऱ्याचं हाड एकच, वागवणं निराळं. तिन्ही फोटो मिळाले तर शेजारी शेजारी ठेवून पाहा, तिन्हींत जे बदलत नाही ते आधी काढा. कपाळाची रुंदी, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटीचा आकार. मग वर मंजुळा चढवा. नटीनंही असंच केलं असणार.

पूर्वी अशी चित्रं घराघरांत लागत ती बालगंधर्वांची. पुरुषानं वठवलेली स्त्री भिंतीवर चालत असे, तिची केसांची ठेवण आणि पातळ नेसण्याची तऱ्हा घरच्या बायका उचलत. स्त्रियांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्या तेव्हाही होत्या, पण त्या नट्यांच्या तसबिरी संसारी घरात लागणं कठीण. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक स्त्री-भूमिकांत उभ्या राहिल्या, त्याचंही तेव्हा केवढं अप्रूप होतं. तिथून चाळीस-बेचाळीस वर्षांत तुमच्या सासूबाई नाट्यगृहात बसून एका बाईला मनसोक्त ओरडताना, पुरुषाला धडा शिकवण्याच्या बाता मारताना पाहून आल्या आणि ते त्यांना पंचाहत्तरीपर्यंत पुरलं. मिटलेले ओठ त्यांना का ओळखू आले नाहीत हे आता निराळं सांगायला नको.

भक्ती बर्वे २००१ च्या फेब्रुवारीत वाईहून कार्यक्रम करून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. बावन्न वर्षांच्या होत्या. म्हणजे वयाची साठी, सत्तरी त्यांच्या चेहऱ्यावर कधी आलीच नाही.

आता थोडं वेळेचं आणि जागेचं. वीस दिवस झोप मोडून बसलात हे चुकीचं. दिवसाला पाऊण तास पुरे, पण तो उजेडाचा हवा. उजव्या हातानं काढत असाल तर खिडकी डावीकडे येऊ द्या, नाहीतर हाताचीच सावली कागदावर पडते. कागद कार्ट्रिजचा घ्या, तोही फार खरखरीत नको. पोळ्या झाल्यावर लगेच बसू नका, कितीही हात धुतले तरी बोटांना तेलाचा अंश राहतो आणि कागदावर पडलेल्या तेलाच्या डागावर पेन्सिल नीट बसत नाही. हाताखाली कोरा कागद ठेवा. आणि सावली बोटानं पुसून पसरवायची सवय असेल तर ती सोडा. बोटानं पुसलेला गाल धुरकटतो. त्याऐवजी बारीक रेघा एकमेकींना चिकटून ओढा, हवं तर कापसानं अलगद फिरवा. केस एकेक काढत बसू नका, आधी अख्खी वेणी किंवा अंबाडा हा एकच गडद आकार समजून भरा, शेवटी कपाळाजवळच्या दहा-बारा बटा सुट्या काढा.

जुनं चित्र फाडू नका. मी ते परत पाठवते आहे. नवं झालं की दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.

झालं की खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनंच नाव आणि तारीख घाला. नाव कुठलं, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, कारण ग्रेडचं प्रशस्तिपत्र माहेरच्या नावाचं आहे. शफी इनामदारांशी लग्न झाल्यावर भक्तीबाईंचं नाव कागदोपत्री बर्वे-इनामदार असं जोडून येई, पण लोक त्यांना भक्ती बर्वे म्हणूनच ओळखत राहिले. तुम्हाला ज्या नावानं हाक मारल्यावर तुम्ही पटकन वळून पाहता, ते घाला. पाठीमागे फोटो कुठल्या अंकातला आणि छायाचित्रकाराचं नाव छापलं असेल तर तेही लिहून ठेवा, फोटो त्यांचा आहे. चौकट करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची किनार घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात पेन्सिलीची पूड काचेला लागते. ओल येणारी भिंत आणि देवघरासमोरची उदबत्तीच्या धुराची भिंत टाळा. सासूबाईंच्या पलंगावरून पडल्या पडल्या दिसेल एवढ्या उंचीवर खिळा ठोका.